आत्याबाईंची मिशी आणि माझी पाटी

छापखान्यात नोकरी करतो म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. एक, कॅलेंडर मिळेल का. आणि दोन, पत्रिका स्वस्तात छापून द्याल का. आमच्याकडे यातलं काहीच होत नाही. आम्ही पिशव्या छापतो. बिस्किटांच्या, खिळ्यांच्या, धुण्याच्या पावडरीच्या. तुम्ही ज्या घाईघाईनं दातांनी फाडता आणि कचऱ्यात टाकता, त्यांच्यावरचं चित्र आमचं असतं. याबद्दल आजवर कुणी आमचे आभार मानलेले नाहीत आणि आमचीही तशी अपेक्षा नाही.

मी तिथं खरेदी अधिकारी आहे. म्हणजे शाई, दोरा, झाडू, बल्ब आणि शिपायाच्या खोलीतला पंखा यांची जबाबदारी माझी. झाडू चांगला आला तर कुणी चकार शब्द काढत नाही. वाईट आला तर सगळा कारखाना तो हातात घेऊन माझ्या टेबलापर्यंत येतो. घरीही फारसं निराळं नाही. माझे सासरे आमच्याकडेच राहतात. आल्या-गेल्यानं "जावई काय करतात?" असं विचारलं की ते "असतात ऑफिसात" एवढंच सांगतात आणि खिडकीबाहेर बघू लागतात. लग्नाच्या वेळीही त्यांनी असंच खिडकीबाहेर बघितलं होतं, असं बायको सांगते.

तर, ही हकिकत टेपची आहे.

आमच्या सर्वांत जुन्या गिऱ्हाइकाचा धुण्याच्या पावडरीचा कारखाना आहे. त्यांना आम्ही पावडरवाले म्हणतो. त्यांच्या पिशवीवर निळ्या रंगात मधोमध एका हसऱ्या बाईचा चेहरा असतो. या बाई म्हणजे पावडरवाल्यांच्या सख्ख्या आत्या. त्यांनीच भाच्याला लहानाचा मोठा केला आणि पहिली पावडर घरच्या बादलीत त्यांनीच कालवली, म्हणून पिशवीवर त्या. आमच्याकडे नवीन मशीन आलं आणि पहिल्याच छपाईत आत्याबाईंच्या वरच्या ओठावर सावली पडली. सावली हा आमच्या ऑफिसातला शब्द. बाजारात तिला मिशी म्हणत होते.

पावडरवाले स्वतः येऊन मालकांसमोर बसले.

"आत्या दुकानात जायची बंद झालीय," ते म्हणाले. "रोज सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन बसायची. आता तिथं पिशव्या टांगलेल्या असतात. परवा एका पोरानं पिशवीकडं बघितलं, मग आत्याकडं बघितलं आणि आईला म्हणालं, 'आजीनं काढून टाकली वाटतं.' तेव्हापासून घरातच आहे. पुढच्या छपाईत मिशी दिसली तर काम दुसरीकडं जाईल. मला वाईट वाटेल, पण जाईल."

ते गेल्यावर मालकांनी मला बोलावलं. मशीनवाला आधीच तिथं उभा होता. हा आमचा मुख्य छपाई कारागीर. कुठल्याही प्रश्नावर त्याचं मत पक्कं असतं आणि दुपारनंतर ते बदलतं.

"मशीनचा दोष नाही," तो म्हणाला. "टेपचा आहे."

"टेप खरेदीत येते," मालक म्हणाले आणि दोघांनी माझ्याकडं बघितलं.

इथं टेपबद्दल थोडं सांगायला हवं. छपाईची प्लेट म्हणजे रबरासारखा लवचिक तुकडा, त्यावर चित्र उठावाचं. तो रोलरभोवती गुंडाळायचा आणि फिरताना निसटू नये म्हणून त्याच्याखाली दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची टेप लावायची. टेप कडक असली की मोठा सपाट रंग झकास उमटतो, पण चेहऱ्यासारख्या नाजूक जागी शाई दाबली जाऊन काळोख होतो. मऊ असली की चेहरा लोण्यासारखा, पण सपाट रंगात पांढरे ठिपके. फार चिकट असली तर प्लेट काढताना फाटते. कमी चिकट असली तर काढायचा प्रश्नच येत नाही, ती आपली आपण उडून जाते. म्हणजे अगदी मुलगी दाखवण्यासारखा हा प्रकार आहे. फक्त इथं नकार द्यायला टेपला तोंड नसतं.

मी हे काम शास्त्रशुद्ध पद्धतीनं करायचं ठरवलं. पाच कंपन्यांना पत्रं धाडली. पत्रात ठळक अक्षरांत अट घातली: "नमुना एकदाच स्वीकारला जाईल. दुसरा नमुना मागितला जाणार नाही व दिल्यास घेतला जाणार नाही." या वाक्याचा मला अभिमान होता. विक्रेते एकदा नमुने घेऊन यायला लागले की चहा पिऊन जातात आणि परत येतात, हा माझा अनुभव.

नमुन्यांचे पाच छोटे रोल आले. सगळे पांढरे. आता खरी अडचण सांगतो. एका कंपनीचा विक्रेता मालकांच्या मेव्हण्याच्या ओळखीचा होता आणि दुसरा मशीनवाल्याचा शेजारी. उद्या कुणी म्हणायला नको की खरेदी अधिकाऱ्यानं तोंड बघून टेप घेतली. म्हणून मी प्रत्येक रोलवरचं कंपनीचं नाव खरवडून काढलं आणि पाचही रोलांवर एक ते पाच आकडे घातले. कुठला आकडा कुठल्या कंपनीचा, ते फक्त मला ठाऊक. निःपक्षपातीपणा याला म्हणतात. आकडे मी टेपची चिकट बाजू झाकणाऱ्या गुळगुळीत कागदावर, पहिल्या वेढ्यावर ठिकठिकाणी, जाड पेननं, वळणदार अक्षरात घातले.

कुठल्या कागदावर घातले ते लक्षात ठेवा. मी तेवढं लक्षात ठेवलं नाही.

घरी या निवडीची बातमी पसरायला वेळ लागला नाही, कारण ती मीच पसरवली. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहतात. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले, त्यामुळं त्यांना प्रत्येक गोष्ट पडणार असं वाटतं.

"चिकटवलेली वस्तू पडते," ते जिन्यातच म्हणाले. "आज ना उद्या. तुम्ही स्क्रू का मारत नाही?"

"रोलरवर रबराची प्लेट आहे हो. स्क्रू कसा मारणार?"

"मग रोलरच बदला," ते म्हणाले आणि वर गेले.

बायकोचा सल्ला वेगळा होता. "अहो, ती आपल्या मिक्सरखाली लावायला थोडी आणा ना. फार सरकतो." मी तिला सांगितलं की नमुना ही कंपनीची मालमत्ता असते. मग थोडी आणली. मिक्सर सरकायचा थांबला. हेच ऑफिसातही चाललं होतं, हे मला मागाहून कळलं. हिशेबनीसांच्या घरी आरसा लागला, शिपायाच्या चपलेचा तळ बसला आणि मालकांच्या गाडीतली डुलणारी बाहुली डुलायची थांबली. कागदावरचे आकडे बघायला कुणाला सवड होती?

चाचणीचा दिवस उजाडला. मशीनवाल्यानं एकामागून एक तुकडे कापले, रोलरवर लावले, प्लेट बसवली, छापून काढलं. सर्वांत कडक टेपवर निळा रंग असा आला की बघत राहावं, पण मिशीला पीळही दिसू लागला. सर्वांत मऊ टेपवर आत्याबाई पंधरा वर्षांनी लहान दिसत होत्या, पण सगळ्या निळ्यावर पांढरे ठिपके.

"हे काय, चांदणं पडलंय," मालक म्हणाले. "हे गिऱ्हाइकाला दाखवायचंसुद्धा नाही."

मग एक टेप लागली आणि सगळे पुढं वाकले. ओठ स्वच्छ. निळा भरीव. मशीनवाल्यानं भिंग लावून बघितलं, भिंग मालकांना दिलं, मालकांनी मला दिलं. मला भिंगातून फक्त ठिपके दिसले, पण मी मान हलवली.

मालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्यासारखा माणूस इथं मुख्य व्यवस्थापक असायला हवा, असं मला कधी कधी वाटतं."

या वाक्यातला "कधी कधी" माझ्या कानापर्यंत पोचलाच नाही. मी टेबलावर उरलेला त्या टेपचा तुकडा उचलला, खिशात टाकला आणि संध्याकाळी घरी जाताना पाट्या बनवणाऱ्याच्या दुकानात शिरलो. वर माझं नाव, खाली "मुख्य व्यवस्थापक". काळ्यावर सोनेरी. बढतीचं पत्र हातात आलं की लावायची, एवढंच माझ्या मनात होतं. माणसानं तयारीत असलेलं बरं. पाटीमागं ती टेप एका बाजूनं चिकटवून ठेवली, वरचा कागद तसाच राहू दिला आणि पाटी कपाटात स्वेटरांच्या खाली सरकवली. बायकोलाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी हाक मारली. "आत्याबाई उद्या स्वतः येतायत बघायला. परवा छपाई. टेपचा नंबर द्या, आजच मागवू."

"देतो," म्हणून मी मशीनपाशी गेलो. तिथं खिळ्यांच्या पिशव्या छापणं चालू होतं. रोलरवरची आत्याबाईंची प्लेट काढून भिंतीशी ठेवलेली होती आणि तिचा एक कोपरा फाटला होता.

"फार चिकट निघाली," मशीनवाला म्हणाला. "कोपरा पिशवीच्या बाहेर जातो, चालून जाईल. पण आता ही प्लेट एकदाच लागेल. परत काढली की गेली. नवीन प्लेट यायला आठवडा."

"बरं. ती टेप किती नंबरची होती?"

"दोन," तो म्हणाला. मग जरा थांबून, "का चार?"

"आकडा होता ना तिच्यावर?"

"कागदावर होता. कागद काढल्याशिवाय टेप लागते कुठं?"

"मग कागद कुठंय?"

त्यानं कचऱ्याच्या डब्याकडं बोट दाखवलं. डबा रिकामा होता. प्लेटखालची टेप? ती ओरबाडून, गोळा करून त्याच डब्यात गेली होती. उरलेले रोल? तीन सापडले, पण कुणाच्याही अंगावर आकडा नव्हता, कारण आकडा पहिल्या वेढ्यावर होता आणि पहिला वेढा आधी कापला जातो. ते तिन्ही रोल पांढरे, एकाच जाडीचे, अगदी जुळे.

"मला वाटलं तुम्ही कुठं लिहून ठेवलं असेल," मशीनवाला म्हणाला.

"आणि मला वाटलं तुझ्या लक्षात राहील."

आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. आयुष्यात प्रथमच आमचं एकमत झालं होतं.

मी खुर्चीत येऊन पाचही कंपन्यांना फोन लावले. लक्षणं सांगितली. पाचही जण म्हणाले, "चेहरा चांगला आला ना? मग आमचीच." पुन्हा नमुना पाठवता का, असं विचारलं, तर एकानं माझंच वाक्य मला वाचून दाखवलं. वाचताना त्यानं "घेतला जाणार नाही" वर जरा जास्तच जोर दिला, असं मला वाटलं.

जगात त्या टेपचा आकड्यासकट एकच तुकडा उरला होता आणि तो माझ्या स्वेटरांखाली होता. मी डोकं दुखतंय असं सांगून दुपारीच घर गाठलं. कपाट उघडून कागदावरचा आकडा वाचायचा आणि परत यायचं, कुणाला काही कळायचं कारण नाही. जिना चढताना माझा जीव भांड्यात पडत आला होता.

मी दाराशी आलो आणि तिथं पाटी होती.

काळ्यावर सोनेरी. सरळ रेषेत. दारापुढं वरचे इंजिनिअर, समोरच्या बाई आणि आणखी दोघं उभी होती. मधोमध सासरे. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता.

"या, जावईबापू!" ते म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकत होतो. "थंडी वाजली म्हणून स्वेटर काढायला गेलो, तर ही सापडली. म्हटलं, हा मनुष्य स्वतःच्या तोंडानं सांगायचा नाही. मीच लावली. वाटीत पाणी ठेवून सरळ आहे का बघितलं."

"अभिनंदन," समोरच्या बाई म्हणाल्या.

"पडेल," इंजिनिअर म्हणाले. "पण अभिनंदन."

"बाबा," मी हळूच विचारलं, "हिच्या मागचा कागद?"

"गुळगुळीत होता तो? दिला टाकून. सकाळीच गाडी येऊन गेली कचऱ्याची."

मी आत जाऊन पाणी प्यायलो. बायको दार लोटून उभी राहिली.

"खरं आहे का?" तिनं विचारलं.

"नाही."

तिनं एक सुस्कारा सोडला. "बाबांनी सकाळपासून सगळ्यांना बोलावून दाखवलीय. खालच्या दुकानदारालासुद्धा. लग्नानंतर प्रथमच त्यांनी तुमच्याबद्दल आपणहून बोलायला सुरुवात केलीय. आता तुम्हीच बघा काय सांगायचं ते."

दुपारी सासरे झोपल्यावर मी पाटी काढायचा प्रयत्न केला. बोटांनी, मग चमच्यानं, मग पट्टीनं. हलेना. इंजिनिअर वरून येऊन बघत उभे राहिले.

"गरम हवा मारा," ते म्हणाले. बायकोच्या केस वाळवायच्या मशीननं गरम हवा मारली. दाराच्या रंगाला फोड आले, पाटी होती तिथं होती. "दोरा घालून करवतीसारखा ओढा." दोरा तुटला. शेवटी इंजिनिअर मागं सरकले आणि म्हणाले, "मी माझे शब्द मागं घेतो. ही पडणार नाही." आयुष्यभरात त्यांनी एवढी मोठी शाबासकी कुठल्याच पुलाला दिली नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई छापखान्यात आल्या. लहानखुऱ्या, पदर डोक्यावरून घेतलेला आणि पदराचं टोक तोंडावर धरलेलं. त्या बसल्या तरी टोक सोडेनात. मला ते बघवेना. मी मालकांना आतल्या खोलीत नेऊन सगळं सांगितलं. म्हणजे पाटी सोडून सगळं.

"म्हणजे तो तुकडा आता कुठंच नाही?" मालकांनी विचारलं.

"एका ठिकाणी आहे."

"कुठं?"

"आमच्या दारावर."

"दारावर कशाला?"

"पाटी लावलीय."

"मग काढून आणा. उरलेल्या रोलांशी दाबून बघू, कुठला जुळतो ते. उद्याच्या छपाईला तोच रोल पुरेल."

"निघत नाही."

मालकांनी घड्याळात बघितलं. "दहा मिनिटांवर तर घर तुमचं. आम्हीच येतो." मी म्हणालो, घरी पाहुणे आहेत. ते म्हणाले, दारातूनच बघू. मी म्हणालो, जिना अंधारा आहे. ते म्हणाले, दाबायचंच तर आहे. मशीनवाल्यानं तिन्ही रोल पिशवीत घातले. आत्याबाई उठल्या.

"मीपण येते. तोंड माझं आहे," त्या म्हणाल्या.

त्या जिन्यावरून मी आजवर किती वेळा चढलो असेन! त्या दिवशी एकही पायरी मला ओळख दाखवत नव्हती. मी मुद्दाम पुढं झालो आणि दाराला पाठ लावून उभा राहिलो. मालकांनी मला हळूच बाजूला केलं.

त्यांनी वाचलं. मशीनवाल्यानं वाचलं. आत्याबाईंना चष्मा नव्हता, त्यांनी एकेक अक्षर लावून, मोठ्यानं वाचलं. "मु-ख्य व्य-व-स्था-प-क."

मग मालकांनी, कदाचित काहीतरी करायचं म्हणून, "व्यवस्थापक" वर अंगठा ठेवून दाबलं. मशीनवाल्यानं पिशवीतून रोल काढले. एक दाबायचा, मग पाटी दाबायची. दुसरा दाबायचा, मग पाटी.

"हा," तो म्हणाला. मग, "नाही, हा."

"हे कधी झालं?" मालकांनी मला विचारलं. त्यांचा अंगठा अजून पाटीवर होता आणि ते टेपबद्दल विचारत नव्हते.

मला जमिनीनं पोटात घेतलं तर बरं, असं वाटलं. तोंड उघडणार, एवढ्यात दार आतून उघडलं आणि सासरे बाहेर आले. तोच धुतलेला सदरा.

"आपण मालक ना?" त्यांनी हात जोडले. "उपकार झाले. मला वाटायचं, हा गृहस्थ तिथं झाडू मोजतो. मुलगी देताना मी खूष नव्हतो, खरं सांगतो. काल पाटी लावली तेव्हा मनात आलं, उगीच इतकी वर्षं मी याच्याशी नीट बोललो नाही." आणि त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला.

मला रडू फुटेल की काय असं वाटलं. लाज वाटत होती आणि त्या लाजेतसुद्धा तो हात पाठीवर बरा वाटत होता. दोन्ही एकदम कसं वाटतं ते मला सांगता येणार नाही, पण वाटत होतं. मालकांनी घसा साफ केला. मशीनवाला रोलांकडं बघू लागला.

तेवढ्यात आत्याबाईंनी तोंडावरचा पदर खाली घेतला.

"एवढं काय बघत बसलात?" त्या मालकांना म्हणाल्या. "माझ्या तोंडावर मिशी चिकटवलीत. ती घेऊन पिशव्या घरोघर गेल्या. तेव्हा मला विचारायला कोण आलं होतं? लोकांना खोटं वाटत नाही हो छापलेलं. मी आरशात बघायला लागले, खरंच आहे की काय म्हणून! याच्या दारावर एक शब्द जास्तीचा लागला, त्यानं कुणाचं काय बिघडलं? माझं आधी बघा. चला, आत बसू द्या मला."

बायकोनं चहा टाकला. मालकांनी नाइलाजानं बरोबर आणलेल्या फाईलमधून चाचणीचे छापील तुकडे काढून टेबलावर मांडले, तेसुद्धा चारच. मऊ टेपवरचा पाचवा त्यांनी फाईलखाली सरकवला होता, पण आत्याबाईंनी फाईल उचलून तोच ओढला. बायकोनं त्यांना सासऱ्यांचा चष्मा दिला.

आत्याबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी बोटानं छापलेल्या ओठावरून हात फिरवला, आणि मग स्वतःच्या.

"ही मी," त्या म्हणाल्या.

"पण आत्याबाई," मालक गडबडीनं म्हणाले, "त्या निळ्यावर पांढरे ठिपके पडलेत बघा. ती टेप फार मऊ आहे. निळा नासलाय."

"नासलाय कशानं? आत काय आहे पिशवीत?"

"पावडर."

"पांढरीच ना? मग सांडली असेल थोडी बाहेर. बादलीत कालवायचे तेव्हा माझ्या अंगभर अशीच उडायची." त्यांनी तुकडा घडी करून कमरेला खोचला. "हेच छापा. हेच हवं."

मशीनवाला म्हणाला, "सर्वांत मऊ रोल ना? तो ओळखायला काय लागतं? डोळे झाकून काढून देतो." आणि त्यानं दिला. जी टेप शोधत आम्ही दारापर्यंत आलो, तिच्याकडं कुणी वळूनही बघितलं नाही. नंतर तर त्यानं ती साफ नापास केली. म्हणाला, असली टेप लावली तर प्लेटऐवजी रोलर बदलावा लागेल. इंजिनिअर पहिल्यापासून हेच सांगत होते.

निघताना मालक दारात थांबले. सासरे आत चष्मा पुसत होते, पण आमचं दार लहान आहे आणि आतलं सगळं बाहेर ऐकू जातं, तसंच बाहेरचं आत. मालकांनी आवाज खाली आणला.

"पत्र वगैरे काही मिळणार नाही," ते म्हणाले. "पगारही तोच. ऑफिसात तुम्ही खरेदी अधिकारीच. पण ही पाटी निघत नाही म्हणता, तर असू द्या. जोवर आहे तोवर या दारात तुम्ही मुख्य व्यवस्थापक. पडली की गेलं."

पिशव्या छापून झाल्या. पावडरवाल्यांचं काम आमच्याकडंच राहिलं. ठिपक्यांबद्दल एकाही गिऱ्हाइकानं तक्रार केली नाही. उलट एकानं विचारलं, यात पावडर जास्त भरायला लागलात का? मी एकदा मुद्दाम त्या कोपऱ्यावरच्या दुकानावरून गेलो. आत्याबाई बाहेर स्टुलावर बसल्या होत्या, डोक्यावर पिशव्या टांगलेल्या, पदर खांद्यावर. त्यांनी मला ओळखलं आणि विचारलं, "आहे का रे?" मी म्हणालो, "आहे."

सासरे आता खिडकीबाहेर बघत नाहीत. कुणी जावयाचं विचारलं तर दाराकडं बोट दाखवतात. इंजिनिअर पाहुण्यांना आणून पाटी दाखवतात, आणि दाबूनही.

मात्र मध्यंतरी हवा बदलली आणि खालचा डावा कोपरा किंचित उचलल्यासारखा वाटला. तेव्हापासून ऑफिसला निघताना मी पाटीचे चारही कोपरे अंगठ्यानं घट्ट दाबतो. रोज. एक दिवस पायात चपला घालताना मागं बघितलं, तर माझ्या आधी सासरेच तो खालचा डावा कोपरा दाबत उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटतं, त्या दिवशी दारातलं बोलणं त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"पडत नाही," ते म्हणाले. "जा तुम्ही ऑफिसला."